ब्लूटूथवरचं आईचं गाणं

मी पदवीधर झालो तो थोरल्या बहिणीमुळे. आम्ही तिला बाय म्हणतो. चौथीनंतर शाळा सोडून ती वीटभट्टीवर जाऊ लागली, म्हणून मी आश्रमशाळेतून जव्हारच्या कॉलेजपर्यंत पोचलो.

आई वारली तेव्हा मी सूर्यमाळच्या शाळेत शिकवत होतो. हळद लावताना म्हणायचं तिचं एक गाणं माझ्या मोबाइलमध्ये होतं. आदल्या उन्हाळ्यात ती तांदूळ निवडत बसली असताना मी ते भरून घेतलं होतं.

दिवसकार्य उरकून बाय भिवंडीला परत निघाली. जव्हारच्या स्टँडवर आम्ही गाडीची वाट बघत होतो. मला अजून रडू आलं नव्हतं. तिच्याकडे नवऱ्याने घेतलेला नवा फोन होता. काहीतरी करायचं म्हणून मी म्हणालो, आईचं गाणं तुला ब्लूटूथने देतो. फोन बाकावर शेजारी ठेवले. आधीच्या फोनमध्ये इन्फ्रारेड होतं, ते समोरासमोर धरावं लागायचं, याला तसं लागत नाही, असं मी वर्गात सांगावं तसं तिला सांगितलं.

"तुझ्यातून जाईल का रं?" तिने विचारलं.

"जाईल की. मिनिटभरात."

तिच्या फोनवर प्रश्न आला, घ्यायचं का. हो कुठलं, नाही कुठलं, मी दाखवलं. तिने 'नाही' दाबलं. मी पुन्हा पाठवलं. पुन्हा 'नाही'. तिला आईचा आवाज ऐकवत नसेल, असं मी धरलं. गाडी लागली, ती गेली.

पावसाळ्यात ओहोळ ओलांडताना माझा फोन भिजला. दुरुस्तीवाल्याने फक्त सिम परत दिलं. मोखाड्याच्या बूथवरून बायला गाणं गेल्याचं कळवलं.

"मी तर मुद्दाम घेतलं नव्हतं," ती म्हणाली. "एकच होतं. तुझ्याकडं राहावं म्हणून."

मी खोलीवर आलो आणि मुलांच्या वह्या तपासल्या. रविवारी पत्र लिहिलं. ती अक्षरं लावून लावून वाचते, म्हणून मोठ्या अक्षरात.

"बाय,
दिलेलं बियाणं कणगीतून जातं, तसं यात होत नाही. गाणं दोघांकडे राहिलं असतं. स्टँडवर तू विचारलंस ते मला कळलं नाही. चूक माझी, तुझी नाही. मला पहिल्या दोनच ओळी येतात. दिवाळीत ये. मी दुसरा फोन घेतला आहे. तुला येतं तेवढं म्हण."