गोळ्यांनी आलेली मुरमं

धाकट्या बहिणीला मूत्रपिंडाचा आजार होता. दौंडच्या डॉक्टरांनी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी तिचा चेहरा मुरमांनी भरला. त्यातच रांजणगावला कंपनीत असलेलं स्थळ आलं.

"असलं तोंड घिऊन पाव्हण्यांपुढं बसती व्हय?" आत्या तिला म्हणाली. "गोळ्या बंद कर तवर."

गोळ्या एकदम थांबवू नका, असं डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं. मी ते वाचलं होतं. तरी गोळ्यांचा डबा मीच कपाटात ठेवला. मलाही तिची लाज वाटत होती.

महिनाभरात मुरमं सुकली. मग उलट्या सुरू झाल्या आणि दोन दिवसांत ती गेली.

आमच्याकडे बिनलग्नाच्या मुलीला तिरडीवर हळद लावतात. आत्यानं ती गालांवर लावली.

"बघ, कसं निवळलंय तोंड."

खरंच निवळलं होतं. मी मान डोलावली.