धोप्याचं पाणी

ताटावर उलथनं वाजलं की समजायचं, आमची टाकी भरली. मागोमाग कुंपणाच्या भिंतीवरून आवाज यायचा, "मास्तर, झोपले का? गंगा वाहून राह्यली."

शेजारच्या काकूंना हे काम कोणी सांगितलेलं नव्हतं. वर्ध्याच्या आमच्या लेआउटमध्ये काकूंचं घर सोडलं तर घरोघरी बोअरला सबमर्सिबल मोटर आहे. बटण दाबायचं आणि विसरायचं. विसरण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप काकूंच्या बाजूला निघे आणि त्याखाली त्यांचा धोपा होता, म्हणजे पुण्याकडच्यांचं अळू. पानं सुपाएवढी. काकूंच्या घरात माणूस एकटं, वड्या मात्र साऱ्या गल्लीपुरत्या.

रोजच्या हाकांची लाज वाटून मी टाकीत फ्लोट स्विच बसवला. पाणी वर आलं की तो तरंगतो आणि मोटर आपोआप बंद होते. नववीला विद्युत परिपथ शिकवणाऱ्याला इलेक्ट्रिशियन कशाला लागतो? वायर नेमकी उलटी जोडली. टाकी भरलेली असताना मोटर सुरू झाली आणि थांबेचना.

"मास्तर, तुमचा फुगा लय चांगला हाये," काकू म्हणाल्या. "काढू नका."

मी वायर बदलली. फ्लोट शहाण्यासारखा वागू लागला. ताट वाजेनासं झालं. वर्गात मी स्वतःचीच उदाहरणं देत सुटलो. मग एक दिवस बायको म्हणाली, "काकूच्या वड्या आल्या नाई इतक्यात."

भिंतीवरून डोकावलो. धोपा पिवळा पडून आडवा झाला होता.

"पाणी घालत नाही का, काकू?"

"नळ दिवसाआड येते. प्यायचं पाणी धोप्याले कसं घालू?"

"आमच्याकडून पाइप टाकून देतो."

"मागून पाणी नाई घेत मी, मास्तर. सांडलेलं चालते." जाता जाता म्हणाल्या, "फुग्याले बोल नाई लावत. हुशार हाये तो."

पुढच्या रविवारी मी स्टार्टरचं बटण ऑटोवरून मॅन्युअलवर टाकलं आणि पेपर घेऊन बसलो. ताट वाजलं.

"मास्तर, गंगा वाहून राह्यली. फुगा बिघडला का?"

"बिघडला, काकू."

"बिघडतेच. मशीन हाये."

मग तो दर रविवारी बिघडू लागला. भर पावसाळ्यातही बिघडला. दुरुस्त का करत नाही, असं काकूंनी कधी विचारलं नाही. वड्यांचा डबा पुन्हा भिंतीवरून येऊ लागला.

मागच्या हिवाळ्यात मुलगा त्यांना आर्वीला घेऊन गेला. तिकडेच त्या वारल्या. घराला कुलूप आहे. धोपा आहे.

रविवारी मी बटण मॅन्युअलवर टाकतो आणि पेपर उघडतो. पाणी पानांवर पडत राहतं. मोटर कधी बंद करायची, ते माझं मला अजून कळत नाही.