पाचशेच्या गाडीचं काय होणार

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या मोटारसायकली लिलावात काढल्या. त्यातली एक, दोन मालकांकडून फिरून, माझ्याकडे आली. पाचशे सीसीची, एका सिलिंडरची, विलायती बनावटीची. आमच्याकडे तिला सगळे नुसतं 'पाचशे' म्हणत. पिंपरीला उभ्या राहणाऱ्या एका कारखान्यात मी नकाशे काढायच्या कामाला होतो आणि चिंचवड गावात बायकोसह दोन खोल्यांत राहत होतो. कामावर सायकलने सहज जाता आलं असतं, हे बायकोने मला अनेकदा सांगितलं होतं.

याच मॉडेलची गाडी आणखी दोघांकडे होती. एक चिंचवडचे डॉक्टर. ते तिच्यावरून पार चाकणपर्यंत रोगी तपासायला जात. दुसरे आकुर्डीचे एक बागाईतदार, वयाने आम्हा दोघांपेक्षा मोठे. त्यांना मी दादा म्हणायचो. रविवारी सकाळी आम्ही तिघे मुंबई रस्त्यावरच्या चहाच्या हॉटेलात भेटायचो. गाड्या बाहेर ओळीने उभ्या, आणि बोलणं बहुतेक त्यांचंच.

यंत्रं बसवायला आलेला एक इंग्रज इंजिनिअर एकदा मला म्हणाला, "तुझी गाडी बंद होतेय." त्याने विलायती मासिक दाखवलं. पुढच्या वर्षाच्या यादीत आमचं मॉडेल नव्हतं. मी पुण्याला जाऊन विक्रेत्याला विचारलं. तो हसला. "बंद कुठली? सुधारून येतेय." महिन्याभराने डॉक्टर तिथे गेले, तर त्यांना त्याच माणसाने सांगितलं की गाडी चालू आहे, पण आयातीचा परवाना मिळत नाही. दादा गेले तेव्हा तो म्हणाला, आता मद्रासकडेच गाड्या जोडणार आहेत, मात्र साडेतीनशेच्या.

"मग आपली हाय का न्हाई?" दादांनी आम्हाला विचारलं.

गाडी अजून बनत असेल तर घाबरण्यात अर्थ नव्हता. बनत नसेल तर आत्ताच विकायला हवी होती. पण मग घेणार कोण? मी विकायचं ठरवून घरी जायचो आणि सकाळी किक मारली की तो जाड, संथ आवाज ऐकून बेत बदलायचो.

शेवटी मी थेट विलायतेला कंपनीलाच पत्र लिहिलं. डॉक्टरांनी इंग्रजी तपासलं, खाली तिघांनी सह्या केल्या.

उत्तराची वाट पाहत असतानाच डॉक्टरांची गाडी मोशीजवळ बंद पडली. ते चाकणहून परतत होते. बैलगाडीत घालून ती चिंचवडला दवाखान्यापुढे आणली. पुण्याहून आलेल्या मिस्त्रीने खोलून पाहिली आणि ठिणगी पाडणारा मॅग्नेटो जळाला असल्याचं सांगितलं. पुण्यात तो शिल्लक नव्हता.

दादा जरा घुटमळत म्हणाले, "माझ्याकडं थोडं सामान हाय. आणून ठिवलंय." त्यांनी घरून गोणपाटात गुंडाळलेला डबा आणला. आत पिस्टन आणि रिंगा. डॉक्टर उठले आणि दवाखान्याच्या कपाटातून त्यांनीही तसाच डबा काढला. त्यातही पिस्टन आणि रिंगा. मग मलाही कबूल करावं लागलं. माझा पिस्टन घरी पलंगाखाली होता.

एकमेकांना न सांगता तिघांनी एकाच विक्रेत्याकडून एकच वस्तू आणली होती. मॅग्नेटो कोणाकडेच नव्हता. मिस्त्री आमच्याकडे बघत राहिला. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

डॉक्टरांची एक बाळंतीण चाकणला अडलेली होती, त्यांना जाणं भाग होतं. मी मिस्त्रीला म्हणालो, "माझ्या गाडीचा काढा."

"अहो, आणि तुम्ही?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी सायकलने जाईन."

माझी गाडी खोलीसमोर उभी राहिली. डॉक्टर दर रविवारी म्हणत, "नवा आला की तुमचा परत करतो." नवा मागवला होता. तो आला तेव्हा त्याची भोकं आमच्या इंजिनाशी जुळेनात, तो सुधारलेल्या मॉडेलचा होता. म्हणजे सुधारलेलं मॉडेल खरंच निघालं होतं? मग आमचं बंद झालं का दोन्ही चालू होती? विक्रेत्याने मान हलवली, ती होकाराची होती का नकाराची, हेही मला कळलं नाही.

त्यानंतर कंपनीचं उत्तर आलं. आमच्या निष्ठेबद्दल आभार मानून खाली एकच कामाचं वाक्य होतं: या मॉडेलच्या पुढच्या उत्पादनाचा प्रश्न विचाराधीन आहे.

"झालं," डॉक्टर म्हणाले. "रोग्याच्या नातेवाइकांना मीही असंच सांगतो. बंद झाली."

दादांना पटेना. "इचार चाललाय म्हंजी अजून चालू हाय की. बंद जाल्यावर कोन कशाला इचार करंल?"

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आमच्या कचेरीत नकाशावर 'विचाराधीन' लिहिलेल्या भिंती कधी बांधल्या जात, कधी खोडरबराने पुसल्या जात. मी तेवढंच सांगितलं. कोणाचंच समाधान झालं नाही, माझंही नाही.

बायकोने वर्षभराने शांतपणे विचारलं, "ही आता चालणार आहे, की नुसती पुसायची आहे?" पुढच्या आठवड्यात मी गाडी दादांना देऊन टाकली. त्यांच्या गाडीला सुटे भाग झाले असते. डॉक्टरांनी मॅग्नेटो काढून द्यायची तयारी दाखवली, पण त्यांच्या फेऱ्या थांबवायला माझं मन होईना. ते पुढे दोन वर्षं माझ्याच मॅग्नेटोवर फिरले आणि मग त्यांनी जुनी मोटार घेतली.

कंपनीने आमचं मॉडेल नेमकं कधी थांबवलं, हे मला आजही माहीत नाही. आम्ही पत्र लिहिलं त्याआधीच ते संपलेलं असेल, किंवा मी गाडी दिली त्या दिवशी तिकडे कुठे एखादी नवी तयार होत असेल. आकुर्डीहून बैलगाडी आली, दादांचे दोन गडी गाडी चढवत होते, आणि मी मागचं चाक धरून उभा होतो. दादांनी दोनदा म्हटलं, "साहेब, सोडा आता."