गुलाबी फीत, ठीक!

तोदोरोकी स्टेशनमास्तरांची नोकरी संपली, आवाज मात्र ड्यूटीवरच राहिला. सकाळी शेगडी बंद केली की ते हात खांद्यापासून ताणायचे, बोट रोखायचे आणि फलाटाच्या पार टोकाला ऐकू जाईल असं म्हणायचे, "शेगडी, बंद! ठीक!" दार लावलं की, "कुलूप, ठीक!" जपानात चिचिबूकडच्या त्या छोट्या स्टेशनात सगळ्यांचीच ही सवय. आधी बघायचं, मग बोट दाखवायचं, मग मोठ्यानं म्हणायचं. त्यांची बायको तोमिए सूप ढवळता ढवळता हुबेहूब त्याच सुरात म्हणायची, "नवरा, जागेवर! हलायचं नाव नाही! ठीक!"

"अगं, थट्टा कसली करतेस?"

"मग काय करू? दिवसभर फ्रिजला हिरवा झेंडा दाखवत बसता. त्यापेक्षा डोंगरात चला."

तिनंच दोघांना बूट आणले. आणि आश्चर्य म्हणजे मास्तर रमले. अस्वलं लांब राहावीत म्हणून पाठपिशवीला घंटी बांधायची, भाताचे मुटके घ्यायचे आणि निघायचं. वाटेत समोरून येणारा प्रत्येक जण नमस्कार करतो, याचं तर त्यांना फार अप्रूप. स्टेशनात ते हजारोंना वाकून नमस्कार करायचे, पण उलट नमस्कार क्वचितच यायचा. सोपे डोंगर झाले, मधले झाले. मग पानं लाल व्हायला लागल्यावर ते निशिदाके डोंगरावर गेले.

शिखरावरून उतरताना धुकं आलं. आलं म्हणजे चालत आलं. आधी दरी गेली, मग समोरची डोंगरधार गेली, मग तोमिएला स्वतःचे बूट तेवढे दिसायला लागले. मागून घंटी किणकिणली आणि कोरे करकरीत बूट घातलेली एक मुलगी पुढे आली. हानावा तिचं नाव, टोकियोत कुठल्याशा ऑफिसात कामाला, डोंगरात पहिल्यांदाच एकटी.

"काका, मी तुमच्यामागून आले तर चालेल? तुम्हाला वाट माहीत दिसतेय."

मास्तरांची छाती फुगली. "या, या! सावकाश उतरा, पायाखाली लक्ष असू द्या."

"झाली अनाउन्समेंट," तोमिए पुटपुटली. हानावा फिसकन हसली.

वाटेची खूण म्हणजे झाडाला बांधलेली गुलाबी फीत. मास्तरांचं बोट धुक्यात शिरायचं. "फीत, दिसली! ठीक!" चार पावलं उतार. "फीत, दिसली! ठीक!" पाठोपाठ हानावाही बोट रोखून म्हणायला लागली, "ठीक!" मग तिघं हसले. नंतर हसू कधी थांबलं ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तोमिएला पायाखालची जमीन आवडेना. ती मऊ लागत होती. बुटांचे ठसे नाहीत, दगड झिजलेले नाहीत, नुसत्या सीडरच्या काड्या. दोन्ही बाजूंना माणसांनी लावलेली सीडरची झाडं, एका मापाची, एका अंतरावर, आणि एकाही पक्ष्याचा आवाज नाही.

"अहो, इथून कुणी गेलेलं दिसत नाही."

"फिती आहेत ना?"

"जरा जास्तच आहेत. वाटेला इतक्या लागतात?"

"माझ्या अख्ख्या नोकरीत गाडी कधी चुकली नाही, तोमिए."

"गाडीला रूळ असतात हो."

मास्तरांनी बोट रोखलं. "फीत, ठीक!" ते आणखी मोठ्यानं म्हणाले.

मग झाडं संपली. समोर बुंधेच बुंधे, ताजे कापलेले, राळेच्या वासाचे. जवळच्या बुंध्यावर गुलाबी फितीचा तुकडा चिकटून राहिला होता. त्या फिती लाकूडतोड्यांच्या होत्या. पाडायचं झाड कोणतं, याच्या. मास्तर प्रत्येक वेळी फीत आहे ना, एवढंच तपासत आले होते. ती कुणी, कशासाठी बांधली, हे त्यांच्या हाकेत नव्हतंच.

खालून पाण्याचा आवाज येत होता. उजेड पिवळा पडत चालला होता.

"परत वर जायचं," तोमिए म्हणाली. "आलो तसं, धारेवर."

"एवढं चढून? ओढा खालीच जातो. खाली गाव असणार."

"खाली कडा असला तर?"

हानावा मास्तरांकडे बघत राहिली. पोरीला कुणीतरी ठामपणे सांगायला हवं होतं. "काका, खाली ठीक आहे ना?"

तेव्हा नुसतं "माहीत नाही" म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण हात आपोआप उठला, बोट धुक्याकडे गेलं. "खालची वाट, ठीक!"

"मग मी पुढे होऊन बघते हं."

"थांब गं!" तोमिए ओरडली. पण कोरे बूट धुक्यात उतरलेसुद्धा. घंटी किणकिणत गेली, खाली, आणखी खाली. मग दगड सुटल्याचा आवाज आला, बराच वेळ येत राहिला. घंटी थांबली.

"हानावा!"

पाणी वाहत होतं. मग अगदी बारीक, "काकू... पाय... मला वर येता येत नाहीये."

मास्तर खाली धावायला निघाले. तोमिएनं त्यांची पाठपिशवी दोन्ही हातांनी धरली आणि सरळ बुंध्यावर बसकण मारली, की ते हलूच नयेत.

"सोड मला! मी सांगितलं म्हणून गेली ती!"

"म्हणूनच वर चला. इथं फोन लागत नाही. तुम्हीही खाली पडलात तर तिच्यासाठी कुणाला बोलावू?"

मग तिनं खाली हाक मारली, "हलू नकोस, पोरी! आम्ही माणसं आणतो!" खालून "हो" आलं. अगदी शहाण्या मुलीसारखं.

ते चढले. हातांनी, गुडघ्यांनी. मास्तरांच्या श्वासाची करवत चालली होती. तोमिए अधूनमधून थांबून हाक मारायची. दोनदा उत्तर आलं. तिसऱ्यांदा पाणी होतं की आवाज, तिला सांगता येईना. त्यानंतर नुसतंच पाणी.

धारेवर पोचले तेव्हा अंधार पडत होता. फोन लागला. पलीकडचा पोलीस शांतपणे विचारत होता. कोणता डोंगर, बाईचं वय काय, कपडे कसले. मग त्यानं विचारलं, "त्या नेमक्या कुठं आहेत?"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. सगळीकडे सारखंच पांढरं.

"सांगता येत नाही," ते म्हणाले. "फिती लावलेली झाडं आहेत. त्यांच्या खाली."

"रात्री वर चढता येणार नाही, सकाळी उजाडताच पथक निघेल. तुम्ही आहात तिथंच थांबा. एक सांगा, त्या वाट सोडून तिकडे कशा गेल्या? एकट्याच होत्या?"

तोमिएनं फोनसाठी हात पुढे केला. मास्तरांनी फोन दिला नाही.

"एकटी नव्हती," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका हळू होता की पोलिसाला परत विचारावं लागलं. "माझ्या मागे होती. वाट मी दाखवली."