बिल्ल्यावरचा हिरवा दोरा

त्या रविवारी सकाळी आमच्या गिरणीच्या चिमणीतून धूर निघत होता आणि भोंगा मात्र झाला नव्हता. सोलापुरात तेव्हा घड्याळ फार थोड्या घरांत असायचं. उठणं, चूल पेटवणं, डबा बांधणं, सगळं भोंग्यावर. भोंगा नाही म्हणजे सुट्टी, आणि धूर म्हणजे काम. दोन्ही एकदम मी कधी पाहिलं नव्हतं. अंगणात तोंड धूत होतो, हातातला तांब्या तसाच राहिला.

"अहो, आज रविवार ना?" बायको दारातून म्हणाली.

"बॉयलर साफ करत असतील," मी म्हणालो.

बॉयलर साफ करताना तो विझवावा लागतो, हे काय मला ठाऊक नव्हतं! पण मला अंघोळ करून पोटभर जेवायचं होतं आणि दुपारी ताणून द्यायची होती. तसं मी केलंही. झोपेत मात्र कानात बारीक घरघर चालू होती. उशी फिरवली, कूस बदलली, घरघर काही थांबेना.

मी त्या गिरणीत वायंडिंग खात्याचा हजेरी कारकून होतो. या खात्यात बायका सुताच्या कांड्या भरायच्या. बार्शीहून मॅट्रिक होऊन आलेला, अक्षर वळणदार, आणि त्याचा मला कोण माज! खात्याच्या भिंतीवर कारखान्यांच्या कायद्याचा छापील तक्ता काचेत लावलेला होता, तो मला तोंडपाठ होता. रविवारी काम घ्यायचं असेल तर आधीच्या किंवा नंतरच्या तीन दिवसांत बदली सुट्टी द्यायची आणि तशी नोटीस आधी लावायची. ती नोटीस लिहिणं माझ्याकडे. बायकांना वाचता येत नव्हतं. खंडेनवमीला त्या यंत्रांना हळदकुंकू लावायच्या तेव्हा त्या तक्त्यालाही झेंडूची माळ घालायच्या. "असू द्या की भाऊसाहेब, त्यो बी देवच हाय. कुनाशी बोलत न्हाय," असं नायकीण म्हणायची आणि सगळ्या खात्यात हसू पिकायचं.

ही नायकीण म्हणजे बायकांची मुकादमीण. आवाज फाटका, तोंडात सदा तंबाखू, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मॅनेजरच्या मर्जीतली म्हणून मला ती डोळ्यांसमोर नको वाटायची.

खात्याच्या दाराशी लाकडी फळी होती आणि फळीवर चाळीस खिळे. प्रत्येक खिळ्याला एकेका बाईचा पितळी बिल्ला. आत येताना बाईनं बिल्ला काढून घ्यायचा, जाताना हाताला येईल त्या खिळ्यावर परत टांगायचा. त्यावर नंबर असायचा, पण नंबर ओळखणार कोण? म्हणून प्रत्येकीनं बिल्ल्याच्या भोकात दोरा बांधलेला असे. कुणाचा लांब, कुणाचा आखूड, कुणाचा दोन पदरी, कुणाच्या टोकाला गोंडा. त्यावरून आपापला बिल्ला त्या पहाटेच्या अंधारातही ओळखायच्या. आणि त्यांची एक रीत होती. नव्या रंगाचं सूत खात्यात उघडलं की त्याचा पहिला दोरा आधी बिल्ल्याला बांधायचा, जुना काढायचा, मगच यंत्राला हात लावायचा. या रीतीपुढे कुणाचं काही चालत नसे. नायकिणीचा बिल्ला तेवढा फळीवर नसे. तिच्या किल्ल्यांत असायचा. त्यालाही दोरा होताच.

सोमवारी मी सगळ्यांच्या आधी पोचलो. शनिवारी संध्याकाळी फळीवर सगळे दोरे तांबडे होते, कारण पंधरवडाभर तांबडं सूत चाललं होतं. हिरव्या सुताचे गठ्ठे आलेले होते, पण ते बुधवारी उघडायचे, तोवर तांबडंच चालवायचं, असं मीच शनिवारी लिहून ठेवलं होतं.

फळीवरचे सगळे दोरे हिरवे होते.

मी तिथंच उभा राहिलो. खात्यात चिटपाखरू नव्हतं. दारातून वारा आत येत होता आणि बिल्ले एकमेकांवर आपटून किणकिणत होते. मी यंत्राला हात लावून पाहिला, बोटांना हिरवं तूस चिकटलं. शपथेवर सांगतो, मला वाटलं रविवारी या बायकांची भुतं येऊन काम करून गेली. हजेरीपुस्तक उघडलं. रविवारचा रकाना कोरा. म्हणजे कागदावर इथं कुणी आलंच नव्हतं. आणि मग दिसलं की फळीवर एक खिळा रिकामा आहे.

नंबर ताडून पाहिले, नव्हता तो बिल्ला जेऊरकडच्या एका बाईचा. नवरा गेलेला, सासू आंधळी, आणि कांड्या भरण्यात तिच्याइतका चलाख हात खात्यात दुसरा नव्हता.

भोंगा झाला, बायका आल्या. एरवी कलकलाट असायचा, त्या दिवशी मात्र आपापला बिल्ला घेऊन खाली माना घालून आत गेल्या. मी एकीला विचारलं, "काल आला होता तुम्ही?" तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच भूत.

दुपारी मॅनेजरनं मला बोलावलं तेव्हा सगळं कळलं. घाईची मागणी होती. शनिवारी सुटताना नायकिणीमार्फत निरोप दिला होता : उद्या मागच्या दारानं या, जी येणार नाही तिनं परवापासून येऊ नये. नोटीस नाही, बदली सुट्टी नाही, हजेरी नाही. गावाला कळू नये म्हणून भोंगाही नाही. आणि त्या बाईचा उजवा पंजा यंत्राच्या चाकांत सापडून चेचला होता. ती सरकारी दवाखान्यात होती.

"डॉक्टरनं वर कळवलंय," मॅनेजर म्हणाला. "उद्या सकाळी इन्स्पेक्टर येतोय. रविवारी गिरणी बंद होती. ती बाई घरी कुठंतरी पडली असेल. तिचा बिल्ला तिच्याबरोबर गेलाय, नवा बिल्ला पाडून टांगा. फळी भरलेली दिसली पाहिजे."

बाईचं सगळं त्या एका गोष्टीवर होतं. ती रविवारी कामावर होती असं ठरलं तर गिरणीला तिची जबाबदारी घ्यावी लागणार होती. नाहीतर ती आणि आंधळी सासू, दोघी रस्त्यावर.

हे मला त्या क्षणी लख्ख कळत होतं. आणि तरी मी काय बोललो? "साहेब, पण दोरे हिरवे आहेत, आणि कागदावर हिरवं सूत बुधवारी उघडायचंय." कुणी विचारलं होतं का मला? तो मेला मॅनेजर, त्याला दोऱ्यांची रीत उभ्या जन्मात कळली नसती. माझी हुशारी मला गप्प बसू देईना. आज इतक्या वर्षांनीही हे आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

"मग कापून टाका," तो म्हणाला.

संध्याकाळी बायका बिल्ले टांगून गेल्यावर मी कात्री घेऊन फळीसमोर बसलो. एकेक दोरा कापताना बिल्ला खिळ्यावर हलायचा आणि थांबायचा. रिकाम्या खिळ्यावर नवा बिल्ला टांगला आणि शेवटी सगळे सारखे झाले. कापलेले दोरे टाकवेनात. पुडीत बांधून टेबलाच्या खणात ठेवले.

मंगळवारी भोंगा झाला. बायका दाराशी आल्या आणि थबकल्या. एकही पुढं होईना. फळीवर चाळीस पितळी बिल्ले, एकासारखा एक. त्यातला आपला कुठला हे एकीलाही सांगता येईना. त्या नुसत्या बघत राहिल्या. आत यंत्रं सुरू झाली होती, पट्टे फिरत होते आणि यंत्रापाशी माणूस नव्हतं. एक म्हातारी तेलुगू बाई हात पुढं करायची आणि भाजल्यासारखा मागं घ्यायची.

नेमका तेव्हाच मॅनेजर इन्स्पेक्टरला घेऊन आला. इन्स्पेक्टर तरुण होता, मराठी नीट समजणारा.

"या बायका अशा का उभ्या आहेत?" त्यानं विचारलं.

मॅनेजर माझ्याकडे बघून दात खात म्हणाला, "नंबर पुकारा."

मी पुकारू लागलो. नाव घ्यायचो, बिल्ला द्यायचो, बाई आत जायची. सव्वीस, सत्तावीस. अठ्ठावीस नंबर तिचा. सवयीनं तिचंही नाव पुकारलं. नवा कोरा बिल्ला माझ्या हातात होता आणि तो घ्यायला कुणीच आलं नाही. उरलेल्या सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या.

"ही कुठं आहे?" इन्स्पेक्टर म्हणाला. "रविवारी कुठं होती?"

खण हाताशी होता. पुडी काढून त्याच्यापुढं ठेवायची, बस्स. तक्त्यावरचं कलम न कलम मला पाठ होतं. मी म्हणालो, "आज गैरहजर. रविवारी गिरणी बंद होती."

"खोटं हाय."

नायकीण पुढं आली होती. तिनं किल्ल्यांचा जुडगा सोडून इन्स्पेक्टरच्या पुढ्यात धरला. त्यात तिचा बिल्ला होता आणि बिल्ल्याला हिरवा दोरा. "ह्यो आयतवारी बांदलाय, हिरवं सूत उघडलं तवा. समद्यांनी बांदलाय. ती माज्या शेजारी हुती. जेवायच्या सुट्टीत यंत्र बंद झालं की चाकातला कापूस आमी हातानं काडतो. सुट्टी सरल्याचा भोंगा झाला की हात भाईर घेतो. त्या दिशी भोंगाच न्हाई झाला, सायेब. चाक तसंच फिरलं. मी बोलिवलं म्हून ती आली हुती."

मॅनेजरचं तोंड काळंठिक्कर पडलं. मग एकेक बाई बोलू लागली, मराठीत, तेलुगूत, सगळ्या एकदम. मी तिथं हातात कोरा बिल्ला घेऊन उभा होतो. लाज वाटली, फार लाज वाटली.

त्या बाईची भरपाई गिरणीनं कबूल केली आणि तिला झाडलोटीच्या कामावर घेतलं. नायकिणीला महिन्याभरात काढलं. माझी नोकरी टिकली. बायकांनी मात्र बिल्ल्यांना पुन्हा दोरा बांधला नाही. रोज सकाळी चाळीसच्या चाळीस जणी माझ्यापुढं हात करून विचारायच्या, "माजा कंचा, भाऊसाहेब?" आणि मी रोज द्यायचो.

ती कामावर आली त्या दिवशी तिनं डावा हात पुढं केला. उजवा पदराखाली होता. माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मी खणातली पुडी काढली, एक हिरवा दोरा घेतला आणि तिच्या बिल्ल्यात ओवून गाठ मारायला लागलो. त्यांची ती बारीक गाठ मला येईना. तीनदा मारली, तीनदा सुटली. ती शांतपणे बघत होती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "दोन हात असून एक गाठ येत न्हाय व्हय तुमास्नी?"