सुपडूचा बत्ता

ट्रंक कॉल आला तेव्हा माझं प्रॅक्टिकल चालू होतं. जळगावच्या एका कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि त्या दिवशी मुलांपुढच्या ट्रेमध्ये सदाफुलीची फुलं होती. शिपाई दारातूनच म्हणाला, "सर, रावेरहून फोन होता. सुपडू मुकादम गेले." तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या मुलीनं ब्लेडनं एक फूल उभं चिरलं. मी तिच्यापुढचा ट्रे उचलला आणि भिंतीवर आपटला. मुलं घाबरून मागे सरकली... सर वेडे झाले असंच त्यांना वाटलं असणार. सहा आठवडे झाले, माझा राग अजून उतरलेला नाही. तो कुणावर आहे, हे सांगायलाच लिहायला बसलो आहे.

सुपडू माझा लहानपणापासूनचा मित्र. आधीची दोन भावंडं गेली म्हणून आईनं त्याला जन्मल्याबरोबर सुपात घातलं आणि नाव सुपडू ठेवलं, म्हणजे यमाची नजर पडू नये. यमाचं माहीत नाही, पण बाकी सगळ्यांनी त्याची धास्ती घेतली होती. केळी कापणाऱ्या टोळीचा तो मुकादम, आणि तरुणपणी पैलवान. एकदा एका ट्रक ड्रायव्हरनं केळीचे घड पायानं ढकलले, तर सुपडूनं त्याला केबिनमधून ओढून दोन दात पाडले आणि मग स्वतःच मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. मानेतली गाठ कॅन्सरची निघाली तेव्हाही तो दंड थोपटून उभा राहिला. म्हणाला, "कॅन्सर शे ना? मंग त्यानी मान मोडसू!"

इंजेक्शनं जळगावात सुरू झाली. ती घेतली की तो दिवसभर तिथल्याच मेहरूण भागात माझ्या घरी पडून राहायचा. एकदा ओकून ओकून बेजार झालेला, पायरीवर बसून त्यानं विचारलं, "हाई औषध कसानं बनावतस रे?" पायरीला लागूनच सदाफुली होती. मी छाती फुगवून बोट दाखवलं, "ह्याच झाडापासून!" सुपडू हसला. कित्येक महिन्यांनी हसला. ढीगभर पाल्यातून ते औषध चिमूटभर निघतं, पानातल्या कितीतरी विषांतून एकच वेगळं काढतात आणि माणसाचं अंग पाहून मोजून देतात, हे पुढचं मला येत होतं. रोज शिकवतो मी! पण ते हसू मोडवेना, म्हणून मी तिथंच थांबलो. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारे पुष्कळ पाहिलेत. मी अख्खं हळकुंड खिशात ठेवून अर्धंच वाटलं.

आमच्याकडे फवारणीच्या पंपात एक झाकण औषध सांगितलं की माणूस दोन टाकतो, म्हणजे कीड लवकर मरते. सुपडूनं तोच हिशेब स्वतःच्या अंगाला लावला. घरामागे सदाफुलीचा वाफाच केला. वहिनी दगडी खलात रोज सकाळ-संध्याकाळ मूठभर पाला कुटायच्या आणि तो हिरवा, कडूजहर रस हा पेलाभर प्यायचा. इंजेक्शनांनी गाठ आटून मेहरूणच्या बोराएवढी झाली. श्रेय त्यानं पाल्याला दिलं.

मग पायाला मुंग्या यायला लागल्या, चप्पल निघून गेली तरी त्याला कळेना. पोट आठ-आठ दिवस तुंबायचं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली आल्या. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा त्यानं पाल्याचं अभिमानानं सांगितलं. डॉक्टर ताडकन उठले. "अहो, जे विष मी मोजून देतो, त्याचीच भावंडं तुम्ही पेल्यानं पिताय! कोणी सांगितलं हे?" मी शेजारच्याच खुर्चीत होतो. सुपडूनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टेबलावर अशी मूठ हाणली, की वरची काच तडकली. मनगटावरून रक्त ओघळत असताना तो म्हणाला, "कोनी नही. मन्ही अक्कल शे."

मी रुमाल काढून त्याच्या मनगटाला बांधला, एवढंच.

रक्त सुधारेपर्यंत इंजेक्शनं थांबवली. पाला मात्र तो सोडेना. "सुई तं बंद व्हयनी, आते पाला बी सोडू?" शेवटी मी रावेरला गेलो, टोळीचा कोयता उचलला आणि वाफ्यावर तुटून पडलो. फुलं, मुळं, माती, सगळं उडत होतं. सुपडू भिंत धरत बाहेर आला. "मन्हं जगनं कापी ऱ्हायना का रे?" असं ओरडून त्यानं खलातला बत्ता माझ्यावर फेकला. भुवई फुटली, डोळ्यात रक्त उतरलं, तरी मी कापतच राहिलो. मग त्यानं माझा गळा धरला. ज्या हातांनी दात पाडले होते, त्या हातांना आता माझा गळाही आवळता येईना... ते मला सहन झालं नाही. मी चिखलात बसून मोठ्यानं रडलो. भांडणाऱ्या कुत्र्यांवर ओततात तशी वहिनींनी आमच्यावर बादली ओतली.

त्या दिवसापासून त्यानं पाला सोडला. पण अंगात काही उरलं नव्हतं. साधा ताप आला आणि त्यानं चार दिवसांत पैलवानाला चीत केलं.

दहाव्याला मी वहिनींना म्हणालो, "पाल्याचं मीच सांगितलं होतं." त्यांनी वरही पाहिलं नाही. "माले माहीत शे. भाऊनं नाव कोठे लिधं तं तुन्ही जीभ कापी टाकसू, आसं म्हनेत मन्हा मालक माले. पन भाऊ, रोज वाटी दिधं कोनी? या हातस्नी!" दोन्ही तळवे त्यांनी जमिनीवर आपटले. मग आत गेल्या, बत्ता आणला आणि माझ्या पायाशी टाकला. "हाऊ ली जा. घरमा दिखना तं मी कोना तरी डोकामा घालसू."

तो आता प्रयोगशाळेत माझ्या टेबलावर असतो. माझं रक्त धुऊन निघालं, टोकाचा हिरवा डाग राहिला. परवा पुन्हा सदाफुली होती. त्याच मुलीनं विचारलं, "सर, यापासून कॅन्सरचं औषध होतं ना?" मी "हो" म्हणालो. ती हसली आणि वही मिटू लागली.

"वही उघड," मी ओरडलो. "माझं बोलणं संपलेलं नाही."