आत्याचं सूत

आमच्या वडिलांना रविवारी घरात बसवत नसे. आठवडाभर कचेरीत फायलींत मान घातलेला हा माणूस रविवारी सकाळीच आईला डबा बांधायला लावायचा आणि मिळेल त्या एस.टी.नं आम्हाला नाशिकबाहेर काढायचा. कधी पेठच्या घाटात, कधी देवळ्याच्या वाटेवर. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वडिलांची मोठी बहीण, माझी आत्या, तेव्हा आमच्याकडे राहायला आली होती. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. काचबिंदूनं तिचे डोळे गेले, पाठोपाठ नोकरी सुटली आणि ती आमच्या मधल्या खोलीतल्या कॉटवर बसली ती बसलीच.

"ताई, चल ना आमच्याबरोबर. जरा हवा तरी लागेल," वडील म्हणायचे.

"मला डोंगर दाखवायला नेतोस? ने की. घरी आल्यावर निबंध लिहीन," आत्या म्हणायची. तिच्या जिभेची धार मुळीच कमी झाली नव्हती.

आम्ही सगळे तिच्याशी फार चांगलं वागायचो, आणि तिला त्याचाच वैताग होता. तिनं मटार सोलले की आई म्हणायची, "छान सोललेत हो ताई," आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यातली सालं वेचायची. आत्याला ते ऐकू यायचं. "या घरात मला माझ्या चुकासुद्धा मिळत नाहीत," ती एकदा मला म्हणाली होती. तिला कौतुक नको होतं. आपलं काम कुणीतरी कामासारखं तपासावं, एवढंच हवं होतं, आणि ते आमच्यापैकी कुणालाच जमत नव्हतं.

एका हिवाळ्यात मात्र ती आली. चांदवड ओलांडल्यावर एका फाट्यावर आम्ही उतरलो. दोन्ही बाजूंना कांद्याची हिरवीगार शेतं आणि मागे डोंगरांची उघडी रांग. वडील क्रिकेटची कॉमेंट्री करावी तसे आत्याला सगळं सांगत होते. ती "बरं, बरं" करत होती. माळाच्या कडेला धनगरांची वस्ती होती. तिथल्या एका म्हातारीशी वडिलांची जुनी ओळख. तिचा नवरा घोंगड्या विणायचा, मुलगे मेंढरं चारायला न्यायचे आणि ती दिवसभर टकळीवर लोकर कातायची. बोलता बोलता, चालता चालता, भांडता भांडतासुद्धा तिची टकळी फिरत असे.

ऊन उतरलं तशी जाळीच्या कुंपणातली कोकरं अस्वस्थ झाली. त्यांच्या आया सकाळपासून डोंगराकडे चरायला गेल्या होत्या. लांबवर धूळ उठली. मग आवाज आला, आणि इकडून कोकरांनी जो काही गलका केला, त्यात वडिलांची कॉमेंट्री पार बुडाली. म्हातारीनं आत्याचा हात धरून तिला मोकळ्या जागेत उभं केलं. "बाई, हितंच उभ्या ऱ्हा. हलू नगा. त्या काय करत नाय."

जाळी उघडली. आयांचा लोंढा एकीकडून, कोकरांचा दुसरीकडून, आणि मधे माझी आत्या! मला वाटलं, आता ती पडणार. पण मेंढरं तिला वळसा घालून जात होती. त्या धुळीत, त्या कालव्यात प्रत्येक मेंढी आपलंच पोर शोधत होती. परकं कोकरू जवळ आलं की हुंगून बाजूला ढकलायची आणि पुन्हा ओरडत पुढे जायची. बघता बघता एकेक जोडी जमत गेली, आवाज विरत गेला आणि शेवटी माळावर नुसतं दूध पिण्याचं चुकचुक उरलं. मी आजवर इतकं थक्क करणारं दुसरं काही पाहिलेलं नाही.

आत्या तशीच उभी होती. एका मेंढीच्या पाठीवरच्या लोकरीत तिची बोटं रुतली होती. "अगं, प्रत्येकीचा आवाज वेगळा आहे," ती म्हणाली. "मला वाटायचं, मेंढ्या सगळ्या सारख्या." परतीच्या एस.टी.त ती सारखा आपला तळहात हुंगत होती. बोटं तेलकट झाली होती आणि त्यांना उग्र वास येत होता.

पुढच्या खेपेला ती स्वतःहून निघाली. टकळी शिकायचीच, असं तिनं मनावर घेतलं होतं. म्हातारीनं तिच्या बोटांवर आपली बोटं ठेवून पीळ कसा द्यायचा ते दाखवलं आणि सरावाला पिशवीभर काळी लोकर दिली. घरी आईला तो वास सोसवेना. आई स्वेटर विणणारी, लोकरीतलं आपल्याला कळतं असं तिला वाटे. तिनं आत्यावर उपकार म्हणून ती लोकर कढत पाण्यात साबणाचा चुरा घालून खसाखसा चोळली. पिशवीभर लोकरीचा एक घट्ट गोळा झाला, पायपुसण्यालाही नालायक. आत्या भडकली. ती आईवर इतक्या मोठ्यानं ओरडली की शेजारच्या काकू दारात आल्या. मला मात्र बरं वाटलं. कॉटवर बसल्यापासून तिला कशाचाच एवढा राग आला नव्हता.

दुसरी लोकर आणली. आत्या रात्रंदिवस कातू लागली. आम्ही सवयीप्रमाणे "वा, काय सुंदर!" करत होतो. ते सूत तिनं म्हातारीपुढे ठेवलं, तेव्हा म्हातारीनं धागा दोन्ही हातांत धरून ओढला. तट्कन तुटला.

"ह्ये सूत नाय, बाई. ह्या तर वाती हायेत. दिव्यात घाला."

आई कावरीबावरी झाली. वडील काहीतरी सारवासारव करायला लागले. आत्यानं त्यांना हातानं गप्प केलं. तिचा चेहरा असा उजळला होता की जणू बक्षीस मिळालं. "पीळ कमी पडतो का मावशी?"

"लय कमी. आडव्याला चालंल येकवेळ. उभ्याला नाय चालायचं." मग म्हातारीनं समजावून सांगितलं: घोंगडीचा आडवा धागा जरा कच्चा असला तरी निभतो. उभ्या धाग्यावर मागाचा सगळा ताण येतो. तो तुटला की विणणाराचं काम अडतं, म्हणून उभ्याला चांगलंच सूत लागतं.

त्या दिवसापासून आत्याला उभ्याचा ध्यास लागला. आमच्या रविवारच्या सहली आता तिच्या सोयीनं ठरायला लागल्या. खेपेमागून खेप म्हातारी ओढून बघायची आणि म्हणायची, "आडव्याला." आत्या घरी येऊन पुन्हा टकळी हातात घ्यायची. मधे एक आख्खा पावसाळा गेला, दिवाळी गेली.

त्यानंतरच्या थंडीत आम्ही गेलो, तेव्हा अंगणात खुंट्यांवर नव्या घोंगडीचे उभे धागे ताणायचं काम चाललं होतं. शेजारी धाग्यांना ताठपणा आणणारी चिंचोक्याची खळ शिजत होती. म्हातारीनं आत्याचं सूत घेतलं. ओढलं. पुन्हा ओढलं. मग धागा कानाजवळ ताणून बोटानं छेडला. तिनं सुताचे ते गुंडे तसेच नवऱ्याकडे दिले.

"ह्ये उभ्याला घ्या."

म्हाताऱ्यानं मान हलवली आणि आत्याचं सूत इतर सुतासारखंच खुंट्यांवर चढवलं. धागे ताणून झाले, वर खळीचा कुंचा फिरला, सगळं काळंभोर चमकायला लागलं. मग आत्यानं मला तिथे न्यायला सांगितलं. त्या धाग्यांवरून हलकेच हात फिरवत ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि पुन्हा मागे आली.

"मावशी, यातलं माझं कुठलं?"

म्हातारीनं वाकून पाहिलं, इकडेतिकडे चाचपलं आणि हात झटकले. "आता नाय वळखू यायचं, बाई. समदं सारखंच दिसतंय."

आत्या हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती म्हाताऱ्यालाही विचारत होती, "खरंच? सारखंच दिसतंय?"